आधी छत, मग रंग

जुलै २०२३ मधली गोष्ट. फज्रची अजान नुकतीच झाली होती. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, वजू करायला उठून न्हाणीकडे गेल्या आणि मागे बैठकीत काहीतरी धाडकन कोसळल्याचा आवाज झाला. धावत जाऊन पाहिले तर छताला लावलेल्या पीओपीचा अर्धा भाग अम्मींच्या पलंगावर येऊन पडला होता. तारा लोंबत होत्या. उशीवर स्लॅबचा विटेएवढा तुकडा होता. वर पाहिले तर स्लॅबमधल्या गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या आणि त्यांवरून पाणी टपकत होते.

अम्मी दारात उभ्या राहून बघत होत्या. "अल्लाने उठवलं मला," एवढेच म्हणाल्या. त्यांच्या श्रद्धेविषयी मला काही म्हणायचे नाही, माझीही तीच आहे. पण त्या दिवसापासून एक प्रश्न मला सोडत नाही. अल्लाने अम्मींना वेळेवर उठवले, पण आम्हाला मात्र दोन वर्षे आधीपासून सावध केले जात होते. मिस्त्रीने सांगितले होते. भिंतीवरच्या ओलीने सांगितले होते. आम्ही ऐकले नाही, कारण तेव्हा आम्ही घर सजवत होतो.

डिसेंबर २०२१ मध्ये धाकट्या दिराचे लग्न होते. नवी नवरी येणार, तिच्या माहेरचे येणार, वलिम्याला चारशे माणसे येणार. घर 'नीट' करायचे ठरले. अंदाज दोन लाखांचा होता. प्रत्यक्षात खर्च झाला तीन लाख चाळीस हजार. तो हिशेब माझ्याकडे आजही आहे. दर्शनी बाजूचे एलिव्हेशन आणि मोठे गेट, एक लाख दहा हजार. बैठकीतल्या टाइल्स, बहात्तर हजार. रंग, पासष्ट हजार. पीओपीचे छत आणि त्यातले दिवे, अठ्ठावन्न हजार. स्वयंपाकघरातले किरकोळ काम, पस्तीस हजार.

काम सुरू होण्याआधी मिस्त्री गच्चीवर जाऊन आला होता. म्हणाला, "मॅडम, बैठकीवरचा स्लॅब पाणी पितोय. आधी वॉटरप्रूफिंग करून घ्या, पंचेचाळीस हजारांत होईल. पीओपी नंतर कधीही लावता येईल." घरात चर्चा झाली. गच्ची कोणाला दिसते? बैठक सगळ्यांना दिसते. स्लॅबचे काम 'पुढच्या वर्षी' करायचे ठरले. मीही होकार दिला होता. सगळा दोष घरातल्या पुरुषांवर ढकलून मी मोकळी होऊ शकत नाही. टाइल्सचा रंग मीच निवडला होता.

पुढचे वर्ष आले आणि गेले. स्लॅब गळत होता, पण पीओपीमुळे तो दिसत नव्हता. ओलीचा डाग आधी दिसायचा, आता तो अठ्ठावन्न हजार रुपये खर्चून आम्ही झाकला होता.

शेवटी जे काम पंचेचाळीस हजारांत झाले असते, त्याला एक लाख साठ हजार लागले. पडलेले पीओपी काढणे, सैल झालेले काँक्रीट फोडणे, सळया घासून त्यांवर गंजरोधक लावणे, नवा मसाला भरणे, वायरिंग बदलणे आणि मग ते राहून गेलेले वॉटरप्रूफिंग. पैसे कुठून आणले? पन्नास हजार माझ्या भिशीचे. चाळीस हजारांसाठी बांगड्या गहाण ठेवल्या. आणि सत्तर हजार मुलीच्या डी. फार्मसीच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले. त्या वर्षी तिने गावातल्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातले. तिने एका शब्दाने तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर मला कमी लागले असते.

हे सगळे घरातले बिंग मी इथे मांडते आहे, कारण आमचे घर वेगळे नाही. आपण घराची दुरुस्ती करत नाही, आपण घर पाहुण्यांसाठी तयार करतो. आपल्या मोहल्ल्यात घराला हात लागतो तो लग्नाच्या निमित्ताने. त्यामुळे पैसा जातो तो पाहुण्यांच्या नजरेसमोर जे येते त्यावर. छत, गच्ची, पाण्याचे पाइप, अर्थिंग, संडासाची टाकी हे पाहुण्यांना दिसत नाही, म्हणून ते यादीत नसते. माझे म्हणणे साधे आहे. घराची दुरुस्ती लग्नापासून वेगळी करा. तिला स्वतःचा महिना द्या, स्वतःची वही द्या आणि स्वतःचे पैसे द्या.

ही काही नवी शिकवण नाही. आमच्या मराठवाड्यात ती होती. माझे बालपण धाब्याच्या घरात गेले. दगडामातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा थर. हे छत दर पावसाळ्याआधी माणसाला वर बोलवायचे. मृग लागण्याआधी दादा बैलगाडीभर पांढरी माती आणायचे, ती पसरायची, बडवायची, उतार बघायचा, पन्हाळी साफ करायच्या. त्यासाठी कोणाच्या लग्नाची वाट बघत नसत. त्याचा खर्च ठरलेला आणि दिवसही ठरलेला. पेरणीइतकेच ते ठरलेले काम होते. एक वर्ष चुकवले की छत गळणार, हे लहान मुलालाही माहीत होते.

पण त्या पद्धतीतही एक चूक होती आणि तिची किंमत आमच्या भागाने फार मोठी मोजली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी आठवीत होते. त्यात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. भूकंप झाला म्हणून जेवढी गेली, त्याहून जास्त घरे अंगावर पडली म्हणून गेली. मातीत रचलेले गोल दगड आणि त्यांवर छतावरच्या मातीचा प्रचंड भार. वर्षानुवर्षे माती टाकत गेले, पण जुनी काढून टाकायची पद्धत सगळीकडे नव्हती. कित्येक घरांवर फूट-दीड फुटाचा थर साचला होता. म्हणजे दुरुस्ती दरवर्षी होत होती, पण तिने घराचे काय होते आहे याचा विचार होत नव्हता. नुसता नियम पाळून भागत नाही, आपण काय करतो आहोत हेही कळायला लागते. हा धडा मी विसरू शकत नाही.

भूकंपानंतर लोकांनी धाब्याची घरे सोडली. कोणी पत्रे टाकले, ज्यांना जमले त्यांनी स्लॅब टाकला. आमच्या सासऱ्यांनी, अब्बांनी, १९९७ मध्ये नऊशे चौरस फुटांचा स्लॅब टाकला. त्या स्लॅबबरोबर एक समजूतही घरात आली. सिमेंटला काही होत नाही. आता गच्चीवर चढायचे ते मिरच्या वाळवायला, नाहीतर ईदचा चाँद बघायला. छत तपासायला चढायची सवय धाब्याबरोबर गेली.

सिमेंटला काही होत नाही हे खरे नाही. स्लॅबची ताकद आतल्या लोखंडी सळयांत असते. ताजे काँक्रीट या सळयांना गंजू देत नाही. पण वर्षे जातात तशी हवा आणि पाणी भेगांमधून आत शिरते आणि ते संरक्षण कमी होत जाते. सळई गंजली की तिची जाडी वाढते, कारण गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. फुगलेली सळई खालचे काँक्रीट ढकलते. आधी बारीक भेग पडते, मग तांबूस डाग येतो, मग पोपडा सुटतो आणि मग तुकडा पडतो. या प्रत्येक पायरीवर थांबवता येते. पहिल्या पायरीवर खर्च हजारांत असतो, शेवटच्या पायरीवर लाखांत. आणि आम्ही नेमकी पहिली पायरी पीओपीखाली झाकली.

मग किती पैसे बाजूला ठेवायचे? याचे उत्तर मला शहरातल्या फ्लॅटवाल्यांकडे मिळाले. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत दोन निधी सांगितले आहेत. दुरुस्ती निधी, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के. आणि मोठ्या कामांसाठी राखीव ठेवायचा सिंकिंग फंड, वर्षाला किमान ०.२५ टक्के. शिवाय इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांच्या पुढे गेली की दर तीन वर्षांनी तिची संरचनात्मक तपासणी. म्हणजे फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हे नियमाने करावे लागते. स्वतःच्या जागेवर स्वतःचे घर असलेल्या आपल्याला कोणी विचारत नाही, म्हणून आपण करत नाही.

दोन्ही मिळून वर्षाला एक टक्का होतो. आमच्या घराचा हिशेब करून बघितला. नऊशे चौरस फूट, बांधकामाचा आजचा दर साधारण अठराशे रुपये धरला, तर सोळा लाख वीस हजार. त्याचा एक टक्का सोळा हजार दोनशे. महिन्याला साडेतेराशे रुपये. आमच्या घरात दोन माणसे कमावतात, साडेतेराशे जड नाहीत. २०१८ पासून नुसते तीन वर्षे हे पैसे बाजूला ठेवले असते तरी २०२१ मध्ये स्लॅबचे पंचेचाळीस हजार हातात असते. लग्नाच्या पैशाला हात लावायची गरजच नव्हती.

आपल्यातल्या अनेकांसाठी इथे आणखी एक मुद्दा आहे. व्याजाचा. व्याजावर कर्ज काढायचे नाही, ही आपली भूमिका आहे आणि ती मला मान्य आहे. आमच्या घरात हा विषय निघाला की हे ठाम असतात. पण छत पडल्यावर हे स्वतःच माझ्या बांगड्या घेऊन गेले आणि गहाण ठेवून आले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. व्याज टाळायची नियत असेल तर ते संकटाच्या दिवशी टळत नाही, संकटाच्या पाच वर्षे आधी टाळावे लागते, दर महिन्याला थोडे थोडे बाजूला ठेवून. रमजानमध्ये आपण घराघरात बसून सोने, रोकड, दुकानातला माल यांची मोजदाद करतो, अडीच टक्के काढतो. राहत्या घरावर जकात नाही, म्हणून घर त्या हिशेबात येत नाही. पण हिशेब करायची सवय तर आपल्याकडे आहे. त्याच कागदाच्या मागे घराचा एक टक्का लिहायला काय हरकत आहे?

आता नियोजनाचे. मी इंजिनिअर नाही. दोन वर्षे मिस्त्री, वायरमन आणि प्लंबरच्या मागे फिरून जे शिकले तेवढेच सांगते.

पहिली गोष्ट, घराची फेरी. पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये, ओलीच्या खुणा ताज्या असताना, वही घेऊन गच्चीपासून खाली यायचे. गच्चीवर पाणी कुठे साचते, पाइपच्या तोंडात पाला अडकला आहे का, कठड्याच्या कडेला भेग आहे का, टाकी वाहून तेच पाणी रोज स्लॅबवर पडते आहे का. मग खोल्यांत छत बघायचे. काठीने हलकेच ठोकून बघायचे. पोकळ आवाज आला की समजावे, आत पोपडा सुटला आहे.

दुसरी गोष्ट, क्रम. मी तीन प्रश्न ठरवले आहेत. पाणी कुठून आत येते? वीज कुठे धक्का देऊ शकते? कोण कुठे पडू शकते, माणूस किंवा भिंत? या तीन प्रश्नांची कामे पहिल्या पानावर. घरात राहणाऱ्यांच्या सोयीची कामे दुसऱ्या पानावर. दिसण्याची कामे तिसऱ्या पानावर. पहिले पान संपल्याशिवाय तिसरे उघडायचे नाही. लग्न असले तरी.

तिसरी गोष्ट, अंदाजपत्रक. तोंडी आकड्यावर काम सुरू करायचे नाही. किती चौरस फूट, कोणते साहित्य, किती थर, काम उक्ते की रोजाने, साहित्य कोणी आणायचे, मोडतोडीचा राडा कोणी उचलायचा हे कागदावर घ्यायचे. निदान दोघा-तिघांकडून घ्यायचे. मोजमाप स्वतः करायचे, टेप पन्नास-शंभर रुपयांना मिळतो. लांबी गुणिले रुंदी आपल्याला पाचवीतच शिकवले आहे. आणि जो आकडा येईल त्यावर पाचवा हिस्सा राखून ठेवायचा. जुन्या घराचे दुखणे फोडल्यावर कळते. आमच्या कामाचा अंदाज सव्वा लाख होता, प्लास्टर काढल्यावर एक तुळई आणखी खराब निघाली आणि आकडा एक लाख साठ हजारांवर गेला. मिस्त्रीने फसवले नव्हते, आम्ही राखीव ठेवले नव्हते.

चौथी गोष्ट, पैसे टप्प्याने द्यायचे. काम किती झाले ते पाहून द्यायचे. वॉटरप्रूफिंगचा शेवटचा हप्ता पाण्याची परीक्षा झाल्यावरच. गच्चीचे पाइप बंद करून वर दोन-तीन इंच पाणी एक-दोन दिवस साचवून ठेवायचे आणि खालून छत बघायचे. चांगला कारागीर या परीक्षेला नाही म्हणत नाही. आणि हेही सांगते, परीक्षा झाली की त्याचे पैसे त्याच दिवशी द्यायचे. आपल्यापैकी किती घरे मिस्त्री, रंगारी, फरशीवाल्यांची आहेत, आपल्याला माहीत आहे. कामगाराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्या हे आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो आणि मग त्याला तीन-तीन महिने फेऱ्या मारायला लावतो.

पाचवी गोष्ट, महिना. सिमेंटच्या कामाला पाणी मारावे लागते, किमान आठवडाभर, आणि हल्ली जे राख मिसळलेले सिमेंट मिळते त्याला दहा दिवस तरी. आपल्याकडे लोक मे महिन्यात काम काढतात, कारण शाळेला सुट्टी असते आणि लग्नसराई असते. पण मे महिन्यात लातूर, धाराशिव भागात पाणी कुठे असते? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते, ते आपण विसरलो नाही. टँकर विकत घेऊन प्यायचे की प्लास्टरवर मारायचे? मग प्लास्टर कोरडे राहते, भेगा पडतात आणि दोष सिमेंटच्या कंपनीला मिळतो. मोठे काम दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते जानेवारीत काढावे. विहिरीला पाणी असते, ऊन मवाळ असते.

आता ज्या विषयावर घरात बोलणे टाळले जाते, त्यावर बोलते. आमचे घर अजून अब्बांच्या नावावर आहे. अब्बा जाऊन नऊ वर्षे झाली. वारसांत अम्मी आहेत, तीन भाऊ आहेत, दोन नणंदा आहेत. थोरले दीर पुण्यात, धाकटेही आता तिकडेच. अशा घराच्या छताचा खर्च कोणी करायचा? जो राहतो तो म्हणतो, घर सगळ्यांचे आहे. जो बाहेर आहे तो म्हणतो, राहतो कोण? आणि छत वाट बघत राहते. आपल्या मोहल्ल्यातली कित्येक घरे गळतात ती पैशाअभावी नव्हे, न झालेल्या वाटणीमुळे.

याची दुसरी बाजू आणखी वाईट आहे. जो खर्च करतो तो दहा वर्षांनी म्हणतो, "मी घर सांभाळलं, म्हणून घर माझं." आणि पहिला बळी जातो तो बहिणीच्या हिश्शाचा. शरियतने दिलेला हिस्सा एका वॉटरप्रूफिंगच्या बिलाखाली पुरला जातो. म्हणून वही हवी. कोणी किती दिले, कधी दिले आणि कोणत्या बोलीने दिले, हदिया म्हणून, उसने म्हणून, की वाटणीच्या वेळी धरायचे म्हणून. कुरआनमधली सर्वांत मोठी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. आपण ती पाठ करतो, पण भावाभावांत लिहून ठेवायची वेळ आली की म्हणतो, "आपल्यात कसलं लिहिणं?" लिहिल्याने प्रेम कमी होत नाही. न लिहिल्यामुळे तुटलेली घरे मात्र मी पाहिली आहेत. आम्ही २०२३ चा खर्च लिहिला आणि दोन्ही नणंदांना फोटो काढून पाठवला. मोठी नणंद फोनवर म्हणाली, "भाभी, पहिल्यांदा कोणीतरी मला घरातलं समजून हिशेब दाखवला." मला काय बोलावे कळेना.

आणखी एक. घराच्या खर्चाची यादी कोण करते ते बघा. २०२१ च्या यादीत एक लाख दहा हजारांचे एलिव्हेशन आणि गेट होते. अम्मींच्या न्हाणीत पकडायला एक दांडी नव्हती. त्यांचे गुडघे दुखतात, दिवसातून पाच वेळा त्या ओल्या फरशीवर उभ्या राहून वजू करतात. त्यांना कोणी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. आता तिथे दांडी आहे आणि खाली खडबडीत टाइल आहे. दांडी हजार रुपयांच्या आत बसली. घराचे बजेट करताना सगळ्यांत जास्त वेळ घरात कोण असते, त्याला आधी विचारायला हवे.

यावर कोणी म्हणेल, मॅडम, तुम्हाला पगार आहे, तुम्ही एक टक्का ठेवाल. ज्याच्या डोक्यावर पत्रे आहेत आणि जो रोज कमावून रोज खातो, त्याने काय करायचे? प्रश्न बरोबर आहे आणि माझ्याकडे त्याचे पूर्ण उत्तर नाही. मी वर्गात 'माझे घर' हा निबंध देते. सगळी मुले लिहितात, माझे घर लहान पण सुंदर आहे, अंगणात तुळस आहे. ज्यांच्या घरी अंगणच नाही तीसुद्धा गाईडमधून तेच लिहितात. एका पावसाळ्यात मी सांगितले, खरे लिहा. एका मुलीने लिहिले की रात्री पाऊस आला की आम्ही तीनदा अंथरूण हलवतो आणि चौथ्यांदा बसून राहतो. त्या मुलीच्या वडिलांना मी टक्केवारी शिकवणार नाही. पण पत्र्याच्या खिळ्याखालचे रबर बदलणे, पन्हाळ साफ करणे, मीटरजवळची उघडी तार झाकून घेणे याला फार पैसे लागत नाहीत, माणसे लागतात. मशिदीच्या रंगासाठी आपल्याकडे एका जुम्म्यात वर्गणी जमते. मोहल्ल्यातल्या चार विधवांच्या छतांसाठी मृगाआधी एक दिवस आणि थोडी वर्गणी जमायला काय अडचण आहे? मिस्त्री आपलेच आहेत, वायरमन आपलेच आहेत.

कोणी असेही म्हणेल की लग्नात घर रंगवायचेच नाही का? रंगवा की. नव्या नवरीने स्वच्छ, उजळ घरात पाऊल ठेवावे यात गैर काही नाही. आनंदाचाही घरावर हक्क आहे. फक्त रंग देण्याआधी एकदा गच्चीवर जाऊन या. ओल्या भिंतीवर दिलेला रंग एका पावसात फुगतो. तो खर्च म्हणजे इस्राफ, आणि तो सगळ्यांत महागडा.

आमची वही आता तिसऱ्या वर्षात आहे. साधी शंभर पानी वही, वर मुलीने लिहिले आहे, 'घर'. ती पुढच्या वर्षी डी. फार्मसीला गेली, एक वर्ष उशिरा. गेल्या ऑक्टोबरमध्ये गच्चीची फेरी तिनेच केली. खाली येऊन पहिल्या पानावर दोन ओळी लिहिल्या. पूर्वेकडच्या पाइपात कबुतराचे घरटे, पिल्ले उडाली की काढणे. टाकीचा बॉल कॉक बदलणे, अंदाजे तीनशे रुपये. तिसऱ्या पानावर बैठकीच्या रंगाची नोंद तशीच पडून आहे. पीओपी आम्ही पुन्हा लावले नाही. छतावर जिथे मसाला भरला तिथे रंगाचा वेगळा पट्टा दिसतो. पाहुणे येतात, वर बघतात, कोणी कोणी विचारतात. अम्मी त्यांना सगळी हकीकत सांगतात आणि रात्री त्याच छताखाली निवांत झोपतात.